नोंदीला साक्षीदार हवा



१८ मे २००३ या दिवशी बेल्जियममध्ये निवडणूक होती. ब्रुसेल्सच्या स्कारबेक या भागात मतदान आणि मोजणी संगणकावर होत होती. मतदाराचं मत एका चुंबकीय कार्डावर नोंदलं जाई, कार्ड पेटीत जाई, आणि यंत्र बेरीज करी. त्या दिवशी बेरीज झाली आणि एका लहानशा पक्षाच्या उमेदवाराला गणिताने शक्यच नाहीत इतकी मतं दिसू लागली. पेटीतली कार्डं पुन्हा वाचली गेली. या खेपेस त्या उमेदवाराची मतं बरोबर ४०९६ ने कमी भरली. बाकी सगळे आकडे जसेच्या तसे.

संगणकाशी ओळख असलेल्या माणसाचा कान हा आकडा ऐकताच टवकारतो. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. संगणक आकडे शून्य आणि एक यांच्या रांगेत लिहितो. त्या रांगेतलं तेरावं घर शून्याचं एक झालं की मूळ आकड्यात थेट ४०९६ ची भर पडते. प्रोग्राम तपासला, त्यात चूक सापडली नाही. यंत्राच्या स्मृतीतला एक बिट आपसूक उलटला, या निष्कर्षावर तज्ज्ञ आले. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने तो उलटवला असावा, असा एक अंदाज आहे. तो सिद्ध झालेला नाही.

ही गोष्ट सांगताना लोक त्या अवकाशातल्या कणापाशीच थांबतात. मला मात्र दुसराच प्रश्न पडतो. चूक सापडली कशी? दोन गोष्टींमुळे. एक, आकडा अशक्य होता. दोन, कार्डं शिल्लक होती. समजा बिट तेराव्याऐवजी चौथ्या घरातला उलटला असता, तर आठच मतं वाढली असती. ती कुणाच्या डोळ्यांत आली असती? आणि कार्डंच नसती, तर अशक्य आकडा बघून सगळे हळहळले असते, पण खरा आकडा कुणालाच सांगता आला नसता.

आजचा विषय इथून सुरू होतो. नोंद बिघडली आहे हे कळतं कसं, आणि कळल्यावर ती दुरुस्त कशाच्या आधारावर करायची? बँकेचं खातं, रेल्वेचं आरक्षण, रुग्णालयाचे कागद, जमिनीचा उतारा, सगळं आता डेटाबेसमध्ये आहे. डेटाबेस म्हणजे शेवटी वहीच. फरक इतकाच, की कागदाच्या वहीत खाडाखोड दिसते. डेटाबेसमध्ये ती दिसत नाही.

यंत्राआधीची युक्ती

बिघाड पकडण्याची कला संगणकाहून फार जुनी आहे. वेद मुखोद्गत ठेवणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. लिखित प्रत हाताशी नाही, पाठ एका तोंडून दुसऱ्या कानात जायचा, मग मध्ये शब्द बदलला तर कळणार कसं? त्यांनी पाठाचे वेगवेगळे प्रकार बांधले. जटापाठात पहिला आणि दुसरा शब्द १-२-२-१-१-२ अशा क्रमाने म्हणतात. घनपाठात तिसरा शब्दही येतो: १-२-२-१-१-२-३-३-२-१-१-२-३. एकच शब्द सुलटा, उलटा, शेजाऱ्याबरोबर, असा अनेकदा उच्चारला जातो. एका जागी चूक झाली तर ती दुसऱ्या जागेशी जुळत नाही, आणि समोर बसलेला गुरू लगेच थांबवतो.

यातलं तत्त्व लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास त्याचाच विस्तार आहे. चूक पकडायची असेल तर गरजेपेक्षा जास्त माहिती जवळ ठेवावी लागते. जेवढ्यास तेवढी ठेवलेली नोंद स्वस्त पडते, पण ती मुकी असते. आपण बिघडलो आहोत हे तिला सांगता येत नाही.

व्यापाऱ्यांनी हेच तत्त्व दुहेरी नोंदीत आणलं. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली यांचा गणितावरचा ग्रंथ छापला गेला. त्यात या पद्धतीचं सविस्तर वर्णन आहे. प्रत्येक रक्कम दोनदा लिहायची, एकदा नावे आणि एकदा जमा. अखेरीस दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर कुठेतरी गडबड आहे. पण वाणिज्य शिकलेल्यांना या तपासणीची मर्यादाही ठाऊक असते. व्यवहार लिहायचाच राहून गेला, किंवा रक्कम भलत्याच माणसाच्या खात्यावर टाकली, तरी तेरीज जुळते. जुळणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. हा भेद पुढे फार महाग पडणार आहे.

तीन पंचांची गोष्ट

आता १९४७ सालाकडे येऊ. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. तिथला संगणक रिलेंवर चालायचा. आकडे अशा सांकेतिक पद्धतीने लिहिलेले असत की एखादा रिले चुकला तर यंत्राला ते कळे. दिवसा चूक कळली की यंत्र थांबे आणि कर्मचारी ती निस्तरत. शनिवार-रविवारी कर्मचारी नसत, मग यंत्र ते काम सोडून पुढचं काम घेई. हॅमिंग यांची कामं शनिवार-रविवारच्या रांगेत असत. सोमवारी येऊन बघावं तर काम अर्धवट टाकलेलं. ते वैतागले, आणि वैतागातून त्यांना प्रश्न पडला: चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती नेमकी कुठे झाली हे का कळू नये? कुठे झाली ते कळलं, तर ती यंत्रानेच का सुधारू नये?

त्यांचं उत्तर १९५० मध्ये प्रसिद्ध झालं. ते आपल्या भाषेत असं सांगता येईल. एका गल्लीत सात घरं आहेत, क्रमांक १ ते ७. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. गल्लीवर तीन पंच नेमले आहेत, त्यांची नावं एक, दोन आणि चार. पहिला पंच १, ३, ५, ७ ही घरं बघतो. दुसरा २, ३, ६, ७. चौथा नावाचा पंच ४, ५, ६, ७. आपल्या चार घरांतल्या एकांची संख्या सम असलीच पाहिजे, एवढंच प्रत्येकाने बघायचं. खरी माहिती चार घरांत ठेवायची, उरलेली तीन घरं पंचांना खूश ठेवण्यासाठी भरायची.

आता पाचव्या घरात कुणी शून्याचं एक केलं. पहिला पंच ओरडतो, चौथा ओरडतो, दुसरा गप्प. ओरडणाऱ्यांच्या नावांची बेरीज करा. एक अधिक चार, पाच. चोर पाचव्या घरात. ते घर उलटवा, नोंद दुरुस्त. कागदावर सात चौकोन काढून हा खेळ करून बघा. पाच मिनिटांत पटेल.

पण याच खेळातला दुसरा भागही करून बघा. एकाऐवजी दोन घरं बिघडवा, समजा पाच आणि सहा. पाचमुळे पहिला आणि चौथा पंच नाराज होतात, सहामुळे दुसरा आणि चौथा. चौथ्याच्या राशीत दोन बदल झाल्याने तो पुन्हा शांत. ओरडतात पहिला आणि दुसरा. बेरीज तीन. तुम्ही निर्धास्तपणे तिसरं घर उलटवता, जे बिचारं ठीक होतं. दोन चुकांच्या तीन झाल्या, आणि पंच मात्र तिघेही समाधानी! दुरुस्ती यंत्रणेला तिच्या ताकदीपेक्षा मोठा बिघाड दिला, की ती बिघाड लपवते. स्वतः हॅमिंग यांनीच त्याच लेखात आणखी एक बिट जोडून निदान दोन चुका ओळखता याव्यात अशी सोय दिली. तेव्हापासून दोन कामं वेगळी मोजली जातात, ओळखणं आणि सुधारणं.

नुसतं ओळखणारी युक्ती तुमच्या पाकिटात आहे. आधार क्रमांकाचे बारा आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून हिशेबाने काढलेला असतो. ही पद्धत याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. एखादा आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर हिशेब हमखास फिसकटतो. माणूस हाताने आकडे उतरवताना याच दोन चुका सर्वात जास्त करतो. चूक कुठे आहे हे मात्र हा आकडा सांगत नाही. तो फक्त म्हणतो, पुन्हा बघा. तेवढंही पुष्कळ आहे.

फेरफार आणि सातबारा

इथपर्यंत आपण एका आकड्याच्या बिघाडाबद्दल बोललो. डेटाबेसचं दुखणं याहून अवघड आहे. तिथे प्रत्येक आकडा स्वतःपुरता ठीक असतो, आणि तरी सगळं मिळून खोटं होतं. एका खात्यातून हजार रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली. दोन्ही शिल्लक सुवाच्य आहेत, फक्त हजार रुपये जगातून नाहीसे झालेत.

यावरचा उपाय १९७० च्या दशकात घडत गेला. त्यात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेचा आणि तिथल्या जिम ग्रे यांचा वाटा मोठा. उपाय काय? मूळ वहीला हात लावण्याआधी, काय बदलणार आहोत ते एका वेगळ्या रोजकीर्दीत लिहा. आधी काय होतं, आता काय होणार. ती नोंद पक्की झाली की मगच मूळ वही बदला. इंग्रजीत याला राइट-अहेड लॉगिंग म्हणतात.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे नव्याने शिकवायला नको. इतर राज्यांतल्या श्रोत्यांसाठी सांगतो, की जमिनीच्या हक्काचा जो उतारा असतो त्याला इथे सातबारा म्हणतात, कारण तो गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून होतो. गुजरातेतही तो त्याच नावाने चालतो. सातबाऱ्यावरचं नाव तलाठी थेट बदलत नाही. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, की आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात, आणि मग सातबारा बदलतो. नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. जुनं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात.

या व्यवस्थेत सातबारा ही आजची स्थिती आहे आणि फेरफार हा त्या स्थितीचा इतिहास. सातबाऱ्यावर शंका आली तर माणूस फेरफार काढतो. तिथे चूक कोणत्या वर्षी शिरली ते सापडतं.

डेटाबेसमध्ये हीच रीत सर्वात नीट मांडली ती १९९२ मध्ये, ‘एरीज’ या पद्धतीने. तिच्या लेखकांत पहिलं नाव सी. मोहन यांचं. मद्रासच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि आयबीएममध्ये संशोधक झाले. एरीजमध्ये डेटाबेसच्या प्रत्येक पानावर, त्या पानाला लागलेल्या शेवटच्या बदलाचा क्रमांक लिहिलेला असतो, अगदी सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकासारखा. यंत्र कोसळून पुन्हा उठलं की ते रोजकीर्द वाचायला घेतं. ज्या पानावरचा क्रमांक मागे पडलाय, तिथे राहिलेले बदल लागू करतं. आधी इतिहास घडला तसा पुन्हा घडवतं, अर्धवट राहिलेल्या व्यवहारांसकट. मग ते अर्धवट व्यवहार उलटे फिरवून मिटवतं. आणि हे मिटवणंही रोजकीर्दीत लिहितं, म्हणजे दुरुस्ती चालू असताना पुन्हा वीज गेली तरी हरकत नाही.

आजच्या बहुतेक मोठ्या डेटाबेसांच्या पोटात हा विचार कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. तुमच्या शहरात वीज जाते, बँकेचं यंत्र बंद पडतं, पुन्हा सुरू होतं आणि पैसे जिथल्या तिथे असतात. तेव्हा आत हे सगळं घडून गेलेलं असतं.

मधल्यांवरचा भरवसा

मग प्रश्न सुटला का? नाही. रोजकीर्दीची सगळी इमारत एका गृहीतावर उभी आहे, की जे लिहिलं ते लिहिलं गेलं आणि जे लिहिलंय तेच वाचायला मिळेल. मधले लोक इमानदार आहेत हे ते गृहीत. मधले म्हणजे डिस्क, तार, ऑपरेटिंग सिस्टिम.

१९८४ मध्ये सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी एका निबंधात एमआयटीतली एक घटना सांगितली आहे. तिथे अनेक नेटवर्क एकमेकांना जोडलेली होती. तारेवरून जाताना माहिती बिघडू नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर तपासणी होती, त्यामुळे सगळे निश्चिंत. पण टप्प्यांवरच्या एका यंत्रात दोष निर्माण झाला. माहिती आत घेऊन पुढे पाठवण्यासाठी नक्कल करताना, ते दर दहा लाख बाइटांमागे साधारण एकदा शेजारच्या दोन बाइटांची अदलाबदल करी. तारेवर तपासणी होती, यंत्राच्या पोटात नव्हती. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ प्रोग्रामच्या फायली त्या यंत्रातून पुन्हा पुन्हा गेल्या आणि हळूहळू बिघडत राहिल्या. शेवटी मालकांना जुन्या छापील प्रती काढून ओळ न ओळ हाताने ताडून बघावी लागली.

निबंधाचा निष्कर्ष असा, की खरी तपासणी दोन टोकांवरच होऊ शकते. मधल्या प्रत्येकाने आपापलं काम चोख केल्याची पावती दिली, तरी टोकाला पोचलेली वस्तू तीच आहे असं ठरत नाही.

डिस्कचंही तसंच निघालं. २००८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १५ लाख ३० हजार डिस्कवर ४१ महिने नजर ठेवली होती. त्यात ४ लाखांहून अधिक वेळा वाचलेली माहिती तिच्या तपासणी आकड्याशी जुळली नाही. डिस्कने स्वतः तक्रार केली नव्हती. ती मुकाट्याने चुकीचं वाचून देत होती. त्यातली एक गोष्ट झोप उडवणारी आहे. अशा विसंगतींपैकी सुमारे ८ टक्के सापडल्या त्या दुसरी एखादी डिस्क गेल्यानंतर, तिची भरपाई करताना. म्हणजे आधाराला हात लावला आणि तेव्हा कळलं की आधारही पोखरलेला आहे. त्या बिघाडांकडे आधी कुणी बघितलंच नव्हतं, कारण ती पानं कुणी वाचली नव्हती. म्हणूनच आता सगळी साठवण ठरावीक काळाने, गरज नसतानाही, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढण्याची शिस्त पाळतात. धान्याच्या कणगीत अधूनमधून हात घालून बघतात तसंच.

तपासणीचा आकडा ठेवायचा कुठे, हाही प्रश्न आहे. पानाचा आकडा त्याच पानावर ठेवला, आणि डिस्कने नवं पान लिहिलंच नाही पण लिहिलं असं सांगितलं, तर? जुनं पान आणि त्याचा जुना आकडा एकमेकांशी छान जुळतात. सन कंपनीने २००५ मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएस या फाइल व्यवस्थेने आकडा पानावर न ठेवता, त्या पानाकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या पानावर ठेवला. आरोपीची साक्ष आरोपीकडूनच घ्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ऑपरेटिंग सिस्टिमचं बिंग २०१८ मध्ये फुटलं. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस लिनक्सला विचारतो, की मी दिलेलं सगळं डिस्कवर पक्कं उतरलं का? उत्तर ‘नाही’ आलं तर तो पुन्हा विचारी. दुसऱ्या वेळी उत्तर ‘हो’ येई, आणि तो पुढे जाई. उघड झालं ते असं, की पहिला प्रयत्न फसला की लिनक्स त्या पानांवरची ‘लिहायचं बाकी’ ही खूणच काढून टाकी. दुसऱ्यांदा लिहायला काही उरलेलंच नसे, म्हणून उत्तर ‘हो’. अनेक वर्षं दोन शहाणी सॉफ्टवेअरं एकमेकांच्या बोलण्याचा वेगळा अर्थ लावत होती. २०१९ पासून पोस्टग्रेसने रीत बदलली. एकदा नकार आला की तो जाणूनबुजून स्वतःला बंद पाडतो, आणि उठून रोजकीर्दीवरून सगळं पुन्हा करतो. शंका आली तर थांबायचं, रेटायचं नाही.

सगळं जुळतं, आणि तरी चूक

आणखी एक प्रकार मला सर्वात विलक्षण वाटतो, कारण त्यात एकही बिट हललेला नसतो. डेटाबेसमध्ये नावं पटकन सापडावीत म्हणून अनुक्रमणिका ठेवतात, ग्रंथालयातल्या कार्डांसारखी. ती वर्णानुक्रमे लावलेली असते. पण वर्णानुक्रम ठरवतं कोण? शाळेत आपण क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी शिकलो. अनेक शब्दकोशांत मात्र क्ष हा क च्या पोटात सापडतो. दोन्ही क्रम योग्य आहेत. पण कार्डं एका क्रमाने लावली आणि शोधणारा दुसऱ्या क्रमाने शोधू लागला, तर ‘क्षीरसागर’ कार्ड पेटीत असूनही सापडणार नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या मूळ ग्रंथालयाची, ग्लिबसीची, २.२८ ही आवृत्ती आली आणि तिने वर्णानुक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात अद्ययावत केले. ज्यांनी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली पण पोस्टग्रेसच्या अनुक्रमणिका नव्याने बांधल्या नाहीत, त्यांच्याकडे असलेल्या नोंदी सापडेनाशा होऊ लागल्या. एकच नोंद दोनदा येऊ नये म्हणून बसवलेला पहारेकरी ‘आधीची दिसत नाही’ म्हणून दुसरी आत सोडू लागला. पानावरचा प्रत्येक तपासणी आकडा जुळत होता.

पण या बिघाडावरचा उपाय सोपा आहे. अनुक्रमणिका फेकून द्या आणि मूळ नोंदींवरून नवी बांधा. कारण अनुक्रमणिका ही मूळ गोष्ट नाही, मुळावरून काढलेली आहे. बिघाड समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा. जे बिघडलं ते मूळ आहे, की मुळावरून पुन्हा काढता येण्याजोगं? दुसरं असेल तर काळजी निम्मी. पहिलं असेल तर साक्षीदार शोधायला लागा.

दुरुस्ती म्हणजे काय

साक्षीदार शोधून मूळ दुरुस्त करण्याचं भारतातलं एक मोठं उदाहरण पुण्यातलं आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे मुख्य संपादक झाले. काम पुरं व्हायला १९६६ उजाडलं. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. यात नुसतं बहुमत चालत नाही. शंभर पोथ्या एकाच पोथीवरून उतरवल्या असतील तर त्या शंभर साक्षी नव्हेत, ती एकच साक्ष शंभर वेळा. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी एकच पाठ देत असेल, तर त्या साक्षीला वजन. आणि जे पाठ संपादकांनी नाकारले, तेही त्यांनी फेकले नाहीत, तळटीपांत नोंदवून ठेवले. उद्या कुणाला निर्णय चुकीचा वाटला, तर पुरावा हजर आहे.

डेटाबेस सांभाळणाऱ्यांना यातून दोन्ही धडे घेता येतात. पहिला असा: तुमच्या दुसऱ्या सर्व्हरवर क्षणोक्षणी उतरणारी प्रत हा स्वतंत्र साक्षीदार नाही. मूळ यंत्रावर कुणी चुकून खाती पुसली, तर प्रतही तितक्याच तत्परतेने पुसते. दुसरा असा: दुरुस्तीला हात लावण्याआधी बिघडलेल्या स्थितीची जशीच्या तशी नक्कल करून बाजूला ठेवा. घाईघाईतली पहिली दुरुस्तीच बहुधा उरलेला पुरावा नष्ट करते.

दुरुस्तीच्या साधनांची नावंही नीट वाचावीत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तपासणीच्या आज्ञेला एक दुरुस्तीचा पर्याय जोडता येतो. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच आहे, ‘दुरुस्त करा, माहिती गेली तरी चालेल’. पोस्टग्रेसमध्ये एक मांडणी अशी, की खराब पान आलं तर ते कोरं आहे असं समजून पुढे जायचं. ही साधनं खोटं बोलत नाहीत. ती वहीची शिवण नीट करतात, फाटलेलं पान काढून टाकतात. त्या पानावर काय लिहिलं होतं, हे त्यांना माहीत नसतं आणि ती तसा दावाही करत नाहीत. आपणच ‘दुरुस्ती पूर्ण’ एवढं वाचून सुटकेचा श्वास सोडतो. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा झाला नाही, हे पाचोलींच्या काळापासूनचं शहाणपण इथे आठवावं.

म्हणून शेवटचा आधार जुनी प्रत आणि तिच्या पुढची रोजकीर्द हाच. पण ती प्रत खरोखर आहे का? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री दुरुस्तीचं काम करताना एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली. मुख्य डेटाबेसची सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. प्रती ठेवण्याच्या पाच वाटा होत्या. वेळ आली तेव्हा एकही धडपणे उपयोगी पडेना. रोजची प्रत काढणारं साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने कधीचंच फसत होतं, आणि ते फसल्याची ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हती. वाचवलं ते चाचणीसाठी सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने काढलेल्या एका प्रतीने. सहा तासांची माहिती गेलीच. कंपनीचं कौतुक एवढ्यासाठी, की तिने काहीही न लपवता दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि कारणं लिहून जगापुढे ठेवली. प्रत काढली याला अर्थ नाही. प्रत परत बसवून बघितली, याला अर्थ आहे.

मंडळी, हे सगळं अभियंत्यांपुरतं आहे असं समजू नका. नोंद बिघडते तेव्हा सर्व्हरला काही होत नाही. ज्याचं नाव त्या नोंदीत होतं, त्याला होतं. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले गेले, तेव्हा उतरवताना चुका राहिल्या. कुठे क्षेत्र बदललं, कुठे वारसाचं नाव गळलं. त्या पकडण्यासाठी गावोगावी चावडी वाचन झालं. गावकऱ्यांपुढे उतारे मोठ्याने वाचायचे आणि ज्याची जमीन त्याने ऐकायचं. संगणकाच्या दृष्टीने ती प्रत्येक नोंद निर्दोष होती. रकाने भरलेले, आकडे आकड्यांच्या जागी. चूक कळायला माणूसच लागला, ज्याला आपला बांध आणि आपला बाप ठाऊक आहे. टोकाची तपासणी म्हणतात ती हीच.

तेव्हा या भागानंतर एवढंच करा. आपल्या दुकानाचा हिशेब, संस्थेची सभासद यादी, घरातले फोटो, जे काही संगणकात असेल त्याची प्रत आहे का एवढंच विचारू नका. ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा, आणि त्यातल्या चार नोंदी ज्यांच्या आहेत त्यांना वाचून दाखवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.